आगोटीची खरेदी आणि कूपनं : आपापले अनुभव इथे लिहा

माडाखालचं घर (रत्नागिरी)
माळा साफ करताना पत्र्याच्या डब्यात चहाच्या पुड्यांची कापून ठेवलेली कूपनं निघाली. वेष्टनं जमवून वाटी-चमचा आणायचा तो काळ. आता कूपनं मोबाइलमध्ये आलीत, आणि मृग लागायच्या आत पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी, म्हणजे आगोटीची खरेदी, करायची आहे. म्हणून हा धागा. कुठलं कूपन खरंच पैसे वाचवतं, कुठलं नाही, आकड्यांसकट लिहा.

सुरुवात मी करते. कूपनावर दोन आकडे शोधायचे, किमान खरेदी किती आणि सूट जास्तीत जास्त किती. ‘२० टक्के सूट, किमान ४९९, जास्तीत जास्त १००’ असं असेल तर ५०० रुपयांच्या बिलालाच ते पुरेपूर वसूल होतं. १२०० चं सामान एकाच बिलात घातलंत तरी सुटतात ते १०० च, म्हणजे जेमतेम आठ टक्के. कूपन पुन्हा चालत असेल तर दोन बिलं करायची. एकदाच चालत असेल तर ५०० चं सामान कूपनावर आणि उरलेलं नेहमीच्या दुकानातून. ‘९९९ च्या वर सरसकट १५०’ याचंही तसंच. हजाराला १५ टक्के पडतात, सोळाशेला साडेनऊसुद्धा नाहीत.

आणि किमान खरेदीचा आकडा बहुतेक ठिकाणी बाकीच्या सवलती वजा करून मोजतात, पोचवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. ॲपवरच्या टोपलीत १०१० दिसतात आणि तरी कूपन लागत नाही, त्याचं कारण हेच.

कुडाळचो झील
तेलाचो डबो घेताना कूपनाआधी डब्यावरचा वजन वाचा. १५ लिटर आणि १५ किलो ह्या एक नाय. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटराच्या डब्यात तेल भरता १३ किलो ६५० ग्रॅम. समजा किलोचो डबो २४०० क आसा, लिटराचो २२५० क, आणि वर ६० रुपयांचा कूपन. सगळ्यांका लिटराचोच स्वस्त दिसता. आता हिशोब करा. २४०० भागिले १५, किलोक १६० रुपये. २१९० भागिले १३.६५, किलोक १६० च्या वर ४४ पैसे. कूपन लावनसुद्धा म्हागच.

दापोलीची वहिनी
पिशव्यांचंही तेच आहे हो. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्या सारख्या दिसतात, एकीत ९१० ग्रॅम, दुसरीत त्याहून कमी. पाकिटावर एमआरपीच्या जवळ ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पैसे तेही छापलेलं असतं, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोमागे. अक्षर बारीक असतं, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. कूपन लागल्यावर बिलाची रक्कम भागिले निव्वळ वजन, एवढा एकच भागाकार करायचा.

शाम्पूला हा भागाकार केलात तर मोठी बाटली पुष्कळदा हरते. समजा २ रुपयांच्या पाउचमध्ये साडेपाच मिली आहे, म्हणजे मिलीला ३६ पैसे. ३४० मिलीची २६० ची बाटली २० टक्के कूपनावर २०८ ला पडली, तरी मिलीला ६१ पैसे. पाउचचा कचरा होतो हे मात्र खरं, आणि तो वहाळात गेला की पावसात सगळ्यांच्याच दारात येतो. तेव्हा रिकामी पाउचं एका डब्यात जमवा.

नारळीपाक
४ साबणांवर १ मोफत म्हणजे २५ टक्के नाही, २०. पाच साबण चारच्या पैशात, म्हणून. ‘२५ टक्के जास्त’ लिहिलेल्या पाकिटाचंही तेच, सूट २० चीच. आणि १० टक्क्यांवर आणखी १० टक्के म्हणजे १९. हजाराचे ९००, नऊशेचे ८१०.
भात उकळतोय, नंतर लिहिते.

जुनी बाजारपेठ, चिपळूण
साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ वर आला. हे लक्षात ठेवून कूपन तपासा. करासकट ११८ ला असलेली वस्तू फक्त कर कमी झाल्याने १०५ वर यायला हवी. म्हणजे ११ टक्के उतार कूपनाशिवायच. त्या तारखेआधी बनलेल्या मालावर जुनीच एमआरपी धरून ‘१० टक्के सूट’ दिली तर किंमत होते १०६ रुपये २० पैसे. सूट दिसते, पण नव्या दरापेक्षा १ रुपया २० पैसे जास्तच जातात. पाकिटावरचा बनवल्याचा महिना आणि एमआरपी दोन्ही वाचा. ॲपवर वाचता येत नसेल तर पाकीट हातात आल्यावर वाचा, छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वेंगुर्ल्याची आई
एक विचारते. बाळाच्या दुधाच्या पावडरीवर कुठलंच कूपन लागत नाही. बाकी टोपलीला लागतं, ती पावडर घातली की तेवढी रक्कम सोडून देतात. ॲप बिघडलंय का?

जुनी बाजारपेठ, चिपळूण
ॲप बरोबर आहे, ताई. १९९२ चा अर्भक दूधपर्यायांचा कायदा आहे. तान्ह्या बाळांच्या दूध पावडरी, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांचा खप वाढवायला भेटवस्तू, नमुने, कुठलंही आमिष देता येत नाही. आईचं दूध मागे पडू नये म्हणून केलेला कायदा. त्यामुळे पावडरीची रक्कम किमान खरेदीतही धरू नका. ९९९ गाठायचे तर ते बाकीच्या सामानाने गाठा.

वेंगुर्ल्याची आई
आभारी आहे दादा. कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

घाटमाथा ते गुहागर
पिनकोड! सगळ्यात आधी पिनकोड टाका, मग टोपली भरा. रत्नागिरी शहर ४१५६१२ किंवा चिपळूण ४१५६०५ ला मिळणारं सामान पुढच्या वाडीच्या पिनकोडला ‘उपलब्ध नाही’ येतं. अर्धा तास निवडून शेवटी पत्ता टाकला की चार वस्तू गळतात, बिल किमान रकमेच्या खाली येतं आणि कूपन सुटतं. पत्ता आधी ठरवला की तिथे मिळतं तेवढंच दिसतं.

दुसरं, दुकानातले पॉइंट वापरायला ओटीपी लागतो आणि तो नोंदवलेल्या नंबरवर जातो. कार्ड मुंबईच्या मुलाच्या नंबरावर काढलेलं असतं, आईवडील इथे काउंटरवर उभे, मुलगा कामावर फोन उचलत नाही. गावात जो राहतो त्याचाच नंबर लावा. काउंटरवर सांगितलं की बदलून देतात, जुन्या नंबरवर एकदा ओटीपी जातो तेवढा मुलाकडून विचारून घ्या. रेंज नसलेल्या दुकानात ओटीपी येत नाही, तेव्हा रांगेत लागायच्या आधी बाहेर येऊन दांडे बघा.

चाकरमानी, मु.पो. डोंबिवली
कार्डाच्या सवलती इथे मुंबईच्या पत्त्यावर लावून सामान गावी न्यायचं असेल तर वजन मोजा. रेल्वेत स्लीपरला ४० किलो, साध्या दुसऱ्या वर्गाला ३५ किलो मोफत. तेलाचा डबा, साखर, डाळ अशी जड वस्तू नेण्यात अर्थ नाही, ती गावालाच घ्या. इथून न्यायचं ते हलकं आणि महाग, म्हणजे चहा, मसाल्याचं सामान, दाढीची पाती, टूथब्रश, औषधी मलमं.

दापोलीची वहिनी
पाती न्याच. पण काडेपेट्या नका आणू रेल्वेतून, ज्वालाग्राही वस्तूंना बंदी आहे.

पावसाची रात्र
बिलाखाली छापून येतं ना, ‘पुढच्या खरेदीवर १०० रुपये’, तो कागद उष्णतेने छापलेला असतो. त्यावर शाई नसतेच, कागदाचाच थर काळा पडतो. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात की पूर्ण काळा होतो, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलात की उलट, अक्षरं उडतात, कारण मऊ प्लॅस्टिकमधली द्रव्यं त्या थराला खातात. तेलाचा हात लागला तरी तेच. साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि घरी आल्या आल्या फोटो काढा. बारकोडखालचे आकडे फोटोत वाचता आले तर बरेच कॅशियर ते हाताने टाकून देतात. सगळे नाही देत, म्हणून मूळ कागद फेकू नका.

मुदतही बघा. अशा कूपनांवर ‘आजपासून’ नसतं, बहुधा ‘उद्यापासून १५ दिवस’ असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दुसऱ्या बिलाला लावायला गेलात तर नाही म्हणतात.

समुद्रपक्षी, मालवण
कॅशबॅकला सूट समजू नका. ५०० वर १०० कॅशबॅक, आणि ते १०० वापरायला पुन्हा ५०० ची खरेदी लागते, मुदत महिनाभर. म्हणजे हजाराचं सामान ९०० ला. १० टक्के झाले, २० नाही. दुसरी खरेदी मुदतीत झालीच नाही तर शून्य.

परत करण्याचाही हिशोब असतो. १०५० चं सामान १५० च्या कूपनावर ९०० ला आलं आणि त्यातली ३५० ची वस्तू परत केली तर ३०० च मिळतात, कूपन सगळ्या वस्तूंवर वाटलेलं असतं म्हणून. काही ठिकाणी उरलेलं बिल किमान रकमेच्या खाली गेलं तर पूर्ण कूपनच काढून घेतात. कपड्यांसारखी, मापात चुकू शकणारी वस्तू किराण्याच्या कूपनात घालू नका.

नारळीपाक
भात झाला. फसव्या कूपनांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पैसे मिळायला यूपीआय पिन लागत नाही. कधीच नाही. ‘स्क्रॅच कार्ड लागलंय, पिन टाका’ म्हणजे तुमच्याच खात्यातून जाणार. क्यूआर स्कॅन करून पैसे येत नाहीत, जातात. पोस्टाने येणारं खरवडायचं कार्ड, त्यावर गाडीचं बक्षीस, आणि आधी प्रक्रिया शुल्क भरा, तेही सोडा. गेलेच पैसे तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. ‘उद्या बघू’ करू नका, रक्कम पुढच्या खात्यातून उचलली जायच्या आत कळवलं तर अडवता येते.

सासूबाईंना, आईला हे शेजारी बसून दाखवा. नुसतं सांगून होत नाही.

कुळथाची पिठी
कूपनासाठी म्हणून दुप्पट डाळ घ्यायची असेल तर ती ऑगस्टपर्यंत टिकायलाही हवी. इथल्या हवेत टोके पडले की वाचवलेले शंभर रुपये गेलेच. तूरडाळ दोन दिवस कडक उन्हात, मग सावलीत पूर्ण गार होईपर्यंत पसरून ठेवा. कोमट असतानाच डबा बंद केलात तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. काही घरांत एरंडेलाचा हात लावतात, काही घरांत बिब्बे घालतात, दोन्ही चालतं. बिब्बा घालणार असाल तर मोजून घाला आणि मोजून काढा, हाताला लागला तर उततो.

रवा कोरडा भाजून ठेवा. बेसन, मैदा, बिस्किटं मोठ्या कूपनावर घेऊ नका. कपडे धुण्याची पावडर पावसात दगड होते, त्यापेक्षा वड्या घ्या किंवा लहान पाकिटं. अंगाचे साबण मात्र खुशाल घ्या, कोरड्या जागी जितके दिवस राहतील तितके कडक होतात आणि कमी झिजतात.

घाटमाथा ते गुहागर
उन्हं आहेत तोवर हे करा. मेच्या शेवटी वळीव आला की डाळीचं काम अडतं.

तांबडी माती
एक खर्च सगळे विसरतात, तो एसटीचा. समजा तालुक्याला जायला ४५ रुपये. पुरुष गेला तर जाऊन-येऊन ९०, म्हणजे १०० च्या कूपनातले १० उरले. बाईमाणूस गेलं तर १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ४५ च. घरात पंचाहत्तरीच्या पुढचं कोणी धडधाकट असेल तर त्यांना तिकीटच नाही, पण त्यांच्या हातात १० किलोची पिशवी देऊ नये. दवाखाना, बँक, बाजार एका फेरीत बसवला तरच कूपनाला अर्थ.

माडाखालचं घर (रत्नागिरी)
हे मी लिहायलाच हवं होतं. बरं झालं आठवण केलीत.
सुक्या मासळीचं काय करता सगळे? तिला कूपन नाही, पण आगोटीतला मोठा खर्च तोच.

समुद्रपक्षी, मालवण
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याआधी घ्या. बंदी लागली की सुक्याचा भाव चढतो. सोडे, म्हणजे सुकी सोललेली कोळंबी, घेताना एक मोडून बघा. कटकन तुटला तर वाळलाय, वाकला तर आत ओल आहे, तो पावसात वास मारणार. आणि मिठाच्या वजनाचे पैसे देऊ नका, पांढरी पूड झटकून मग काट्यावर ठेवायला सांगा.

कुडाळचो झील
बांगडो खारो घेवचो तर पोट उघडून बघा, बाहेरसून बरो दिसता.

वेंगुर्ल्याची आई
सोडे फ्रीजरला ठेवायचे की बरणीत?

कुळथाची पिठी
पुन्हा एक ऊन देऊन, गार करून, काचेच्या बरणीत. वीज जाते तिथे फ्रीजरच्या भरवशावर नको. बरणी दर पंधरा दिवसांनी उघडून बघ गो, उघडीप असेल त्या दिवशी.