मदत हवी आहे: अमेरिका, युद्धामुळे सुधारणांना बळ की खीळ?

सायली_व
एमएच्या असाइनमेंटचा प्रश्न: 'युद्धाने अमेरिकेतील सुधारणा चळवळींना बळ दिले की खीळ घातली?' परवा द्यायचंय. नोट्समध्ये नुसत्या कायद्यांच्या याद्या. मुद्दे सुचवा. 'गुगल कर' सांगायला येऊ नये, करून झालंय.

तर्कटराव
कुठलं युद्ध? १८६१-६५ चं यादवी युद्ध म्हणाल तर गुलामगिरी गेली. १८९८ चं स्पेनशी झालेलं म्हणाल तर फिलिपिन्स गिळलं. कशावर बोलायचं?

सायली_व
पहिलं महायुद्ध हो! पेपरच 'प्रोग्रेसिव्ह कालखंड' आहे, म्हणजे १९०० च्या आसपासचं अमेरिकेतलं सुधारणांचं पर्व; दुसरं कुठलं असणार?

तर्कटराव
पेपरचं नाव आत्ता कळतंय आम्हाला. असो. मग डोळे मिटून दारूबंदी घ्या. १८७३-७४ पासून बायका गुत्त्यांसमोर बसून प्रार्थना करत होत्या, बरीच राज्यं कोरडीही झाली होती. पण देशभर बंदीचं घोडं पुढे सरकलं ते युद्धात. बिअरचे बडे कारखानदार जर्मन वंशाचे, म्हणजे शत्रूचे, आणि धान्य सैन्याला द्यायचं की भट्टीला? डिसेंबर १९१७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दारूबंदीची १८ वी घटनादुरुस्ती मंजूर केली, जानेवारी १९१९ मध्ये राज्यांची मान्यताही आली. शिवाय १९१३ पासून आयकर होता, त्यामुळे दारूच्या महसुलावाचून सरकारचं पूर्वीइतकं अडणार नव्हतं. हे लिहाच, मार्क मिळतील.

लाल_बावटा
बळ कसलं डोंबलाचं? समाजवादी पुढारी युजीन डेब्सने जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावी युद्धाविरुद्ध भाषण केलं, शिक्षा दहा वर्षं. १९२० ला तुरुंगातूनच अध्यक्षपदाला उभा राहिला, नऊ लाखांवर मतं पडली. दारू बंद केली ही तुमची सुधारणा?

तर्कटराव
माझी नाही, तेव्हाच्या सुधारकांची. प्रश्न वाचा आधी.

मधुमालती
बायकांचा मताधिकार विसरलात दोघंही. मताधिकारासाठी लढणाऱ्या ॲलिस पॉलच्या बायका जानेवारी १९१७ पासून व्हाइट हाउसच्या फाटकासमोर फलक धरून मुकाट उभ्या. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांना अटका, तुरुंगात उपोषण, मग नळी घालून जबरदस्तीने अन्न. कॅरी कॅटच्या दुसऱ्या मताधिकार संघटनेने मात्र युद्धकार्याला हातभार लावला. सप्टेंबर १९१८ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सनने सिनेटला, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाला, सांगितलं की युद्ध जिंकायला बायकांचं मत हवं. तरी सिनेटने ती घटनादुरुस्ती तेव्हा पाडलीच! पुढे ती मंजूर झाली, पण राज्यांची मान्यता हवी होती; १९२० ला टेनेसी राज्यात हॅरी बर्न या चोवीस वर्षांच्या आमदाराने आईचं पत्र आल्यावर बाजू बदलली, तेव्हा कुठे जमलं. सायली, एकाच चळवळीत बळही आहे आणि खीळही. याच्यावरच लिही.

नर्मदेकाठचा
अवांतर: पंडिता रमाबाई १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या. दारूबंदीवाल्या फ्रान्सिस विलर्डशी त्यांचा चांगला परिचय होता. १८८९ ला अमेरिकेवर मराठीत पुस्तक काढलं.

तर्कटराव
युद्धाच्या तीस वर्षं आधी. छान माहिती.

बे_एरियाकर
वॉशिंग्टनला कधी आलात तर नॅशनल मॉलवरची स्मिथसोनियनची म्युझियमं फुकट आहेत. बूट मात्र चांगले घाला.

सायली_व
मी नांदेडला आहे. बालकामगारांचा १९१६ चा कायदा घालू का?

लाल_बावटा
१९१८ ला सुप्रीम कोर्टाने मोडीत काढला. खीळ!

तर्कटराव
कोर्टाने काढला, युद्धाने नाही. ओढूनताणून आणू नका.

मधुमालती
शब्दमर्यादा किती आहे गं?

सायली_व
८००. आणि हाताने लिहायचंय.