मदत हवी आहे: गॅबनच्या लीब्रव्हिलला जायचंय, पाऊस आणि दमटपणाचं काय?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला लीब्रव्हिलजवळ न्कोक इथल्या प्लायवूड कारखान्यात नोकरी मिळाली आहे. मी आणि आमचा पाच वर्षांचा मुलगा जूनमध्ये मागोमाग जाऊ. मुलाला दमा आहे, दमट हवेत जास्तच त्रास होतो, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही.

शाळेत शिकलो ते असं, की विषुववृत्तावर बाराही महिने दुपारी पाऊस. लीब्रव्हिल तर विषुववृत्ताला अगदी खेटून आहे आणि वर्षाचा पाऊस ३००० मिमीच्या आसपास, म्हणजे जवळपास आमच्या रत्नागिरीइतका. पण महिनावार आकडे पाहिले तर जुलै जवळजवळ कोरडा, आणि वर्षातला सगळ्यात गार काळही तोच! आकडे बरोबर आहेत का? जूनमध्ये नेलं तर मुलाला कोरडी हवा मिळेल? चक्रीवादळं येतात का? घर कुठल्या भागात बघू?

---

प्रतिसाद:

ताई, आकडे बरोबर आहेत. मी लीब्रव्हिलजवळच्या ओवेंडो बंदरात लाकडाच्या कामात बरीच वर्षं काढली.

जूनपासून पावसाचा पट्टा सूर्यामागे उत्तरेला सरकतो. त्याच सुमारास गिनीच्या आखाताच्या दक्षिणेला खोलातलं गार पाणी वर येतं. अशा पाण्यावरची हवा उंच चढत नाही, त्यामुळे पावसाचे मोठे ढग बनतच नाहीत. नुसतं करडं, खाली उतरलेलं आभाळ. दिवसेंदिवस ऊन नाही आणि पाऊसही नाही. या खालच्या करड्या ढगांमुळे झाडांतलं पाणी कमी उडतं, म्हणून तीन महिने पाऊस नसतानाही जंगल हिरवं राहतं.

पण मुलासाठी महत्त्वाचं हे, की पाऊस थांबला तरी दमटपणा जात नाही. कपडे नीट वाळत नाहीत, कपाटात बुरशी येते. कोरड्या हवेच्या भरवशावर जून ठरवू नका, आधी मुलाच्या डॉक्टरांशी बोला.

खरा पाऊस सप्टेंबरअखेर सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विजांसह नुसता कोसळतो, डिसेंबर-जानेवारीत थोडी उसंत, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा जोर. वादळी सरी पूर्वेकडून येतात, वारा जोराचा असतो. चक्रीवादळ मात्र नाही, कारण विषुववृत्तापाशी पृथ्वीच्या फिरण्याचा जोर वाऱ्याला गरगरवायला पुरत नाही.

घर उंचवट्यावर घ्या. शहर टेकड्या आणि घळींचं आहे, घळींत पाणी तुंबतं. दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असं बघा.

आणि जमलं तर ओवेंडोहून रेल्वेने लोपे राष्ट्रीय उद्यानाला जाऊन या. तो भाग डोंगरांच्या पर्जन्यछायेत, पाऊस लीब्रव्हिलच्या निम्म्याच्या आसपास, आणि ओगोवे नदीकाठी दाट जंगलाला लागून गवताळ माळ दिसतात. फार सुंदर!

---

खूप आभार, दादा. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. अजून एक: हवेतला ओलावा शोषणारं यंत्र तिथे मिळतं, की इथूनच न्यावं? आणि मुलाच्या दम्याच्या औषधांची चिठ्ठी फ्रेंचमध्ये करून घ्यावी का?