नॉर्वे हे नाव आलं कुठून?

भाऊ शिपवर आहे, काल नॉर्वेतल्या बर्गनहून फोन केला, म्हणे पाऊस आपल्या पणजीसारखाच, थांबायचं नावच नाही. या नॉर्वे नावाचा अर्थ काय हो?

– जुन्या नॉर्स भाषेत नॉर्दवेग्र, म्हणजे उत्तरेची वाट. किनाऱ्याला बेटांची रांग आहे ना, तिच्या आडोशाने गलबतं वर जायची, तीच वाट.

– काहीजण नॉर म्हणजे अरुंद खाडी असंही म्हणतात. तिथली सोग्नेफियोर्ड खाडी २०० किलोमीटरच्या वर आत घुसलीय, आपली मांडवी त्यापुढे व्हाळच!

– आणि १३८० पासून डेन्मार्ककडे, १८१४ ला स्वीडनकडे, मोकळा झाला तो थेट १९०५ ला. आपला गोवा १९६१, मग आपणच लेट की 😄

– भावाला विचार, सुकी मासळी स्वस्त आहे का तिथं?