बिनड्रायव्हरची गाडी इंदूरच्या सामान्य माणसाला कधी मिळणार?

मल्हारगंजकर (धागा सुरू)

दर दोन-तीन महिन्यांनी कुठलीतरी कंपनी सांगते की आता गाडी स्वतःच चालणार, आणि लगेच इकडे विचारणा सुरू होते, आपल्याकडे कधी? माझं मत आधीच मांडतो, मग काय झोडायचं ते झोडा. दारात उभी करायची, 'पलासियाहून राजवाडा' म्हटलं की निघायची, अशी स्वतःच्या मालकीची गाडी इंदूरच्या पगारदार माणसाला २०४० च्या आत मिळत नाही. ठरलेल्या रस्त्यावर भाड्याने चालणारी त्याच्या बरीच आधी मिळू शकते.

कारण साधं आहे. आज जगात ज्या गाड्या खरोखर ड्रायव्हरविना प्रवासी नेतात, त्यांतली ठळक म्हणजे गूगलमधून निघालेल्या वेमोची. गूगलने हे काम २००९ ला हाती घेतलं, फिनिक्समध्ये कुणालाही बिनड्रायव्हरची गाडी मागवता यायला २०२० चा ऑक्टोबर उजाडला आणि सॅन फ्रान्सिस्को सगळ्यांना खुलं झालं २०२४ च्या जूनमध्ये. म्हणजे पैशाची कमी नसताना, रुंद आखलेल्या रस्त्यांवर, पंधरा वर्षं. तीसुद्धा विकायला नाही, टॅक्सी म्हणून. या गाड्या आधी मोजून ठेवलेल्या नकाशावर चालतात: फुटपाथची कड, सिग्नलचा खांब, लेनची रेघ, सगळं सेंटिमीटरच्या हिशेबात.

आता एबी रोड बघा. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस. कठड्यांच्या आतली वेगळी लेन, ठरलेले थांबे, एकाच दिशेची बस. बिनड्रायव्हरच्या वाहनासाठी अख्ख्या मध्य प्रदेशात याहून चांगली जागा नव्हती. २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाच्या आदेशानंतर तो काढायला सुरुवात झाली. वाहतुकीसाठी ते बरोबर की चूक हा निराळा धागा, पण जिथे महिन्याभरात कठडेच हलतात तिथे सेंटिमीटरचा नकाशा कोण सांभाळणार?

पिथमपूरकर

२०४० म्हणजे फारच लांबवलंत साहेब. तुम्ही पंधरा वर्षं मोजलीत, पण त्या पंधरा वर्षांत भाव कुठून कुठे आले ते सोडून दिलंत. सुरुवातीच्या काळात छपरावर गरगरणारा चौसष्ट किरणांचा लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) पाऊण लाख डॉलरच्या घरात होता. आज चिनी कंपन्या गाडीत बसवायचा लायडार दोनशे डॉलरच्या आत देतात. वेमोच्या जग्वारवर २९ कॅमेरे, ५ लायडार आणि ६ रडार होते. पुढच्या पिढीत १३ कॅमेरे, ४ लायडार, ६ रडार. सेन्सर निम्म्याच्या आसपास आले आणि काम तेच.

नकाशाचंही तसंच. सेंटिमीटरचा नकाशा ही एक पद्धत झाली, एकमेव नव्हे. दुसऱ्या पद्धतीत गाडी समोरचं दृश्य बघून तिथल्या तिथे वाट ठरवते, नकाशा फक्त 'पुढे डावीकडे' एवढं सांगायला. लांब कशाला जायचं, भोपाळच्या स्वायत्त रोबोट्सने बोलेरोवर आपली यंत्रणा चढवून आपल्याकडच्याच बेशिस्त रस्त्यांवर चालवून दाखवली आहे. कठडा काल होता, आज नाही, हे अशा गाडीला दिसेल. तिला कालचं आठवायचं कारणच नाही.

आणि चाचणीला जागा म्हणाल तर आपल्या उंबऱ्यावर नॅट्रॅक्स आहे. ११.३ किलोमीटरचा चार लेनचा हाय-स्पीड ट्रॅक, २०२१ पासून चालू.

मल्हारगंजकर

नॅट्रॅक्सच्या त्या ट्रॅकवर वेग तपासतात हो. तिथे समोरून रॉंग साइडने दुधाची कॅन लटकवलेली मोटरसायकल येत नाही.

बोलेरोबद्दल आदर आहे. पण चालवून दाखवणं आणि आत कुणी न बसवता दहा हजार गाड्या रोज सोडणं यात अंतर आहे. हजार वळणांपैकी ९९९ बरोबर घेतली तर प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात. शहरात तोच हिशेब रोजचा अपघात होतो. नकाशावाले नकाशाला धरून का बसतात? कॅमेरा चुकला तर ताडून बघायला दुसरं काहीतरी लागतं म्हणून.

कॅलिब्रेशनवाला

तुम्ही दोघं २०४० वर भांडताय, इकडे शोरूममध्ये आजच 'गाडी स्वतः चालते' म्हणून विकताहेत. आधी ते निस्तरू.

आपल्याकडे एक्सयूव्ही ७०० २०२१ मध्ये आली, मग होंडा सिटी, व्हर्ना, हॅरियर. या सगळ्यांत मिळतं ते लेव्हल टू, स्वयंचलनाच्या शून्य ते पाच पायऱ्यांतली दुसरी. गाडी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही सांभाळते, पण नजर तुमची आणि जबाबदारीही तुमची. लेव्हल थ्रीमध्ये ठरलेल्या परिस्थितीत नजर काढता येते. मर्सिडीजने ते २०२२ मध्ये जर्मनीत विकायला काढलं तेव्हा अट होती: ठरावीक महामार्ग, गर्दी, वेग ६० च्या आत. शिवाय ब्रेक आणि स्टिअरिंगची दुसरी सोय गाडीत हवी, म्हणजे एक बंद पडलं तर दुसरं गाडी थांबवेल. लेव्हल टूच्या गाडीत ती दुहेरी सोय नसते. म्हणून 'पुढे सॉफ्टवेअर अपडेट येईल आणि हीच गाडी आपोआप चालेल' असं सेल्समन म्हणाला तर पोहे खाऊन घरी या.

आता काय बिघडतं ते. काचेवर आरशामागे कॅमेरा असतो. काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर जुळवणं, पुन्हा करावंच लागतं: सपाट फरशी, चारी टायरांत बरोबर हवा, डिक्की रिकामी, समोर ठरलेल्या अंतरावर आणि गाडीच्या मध्यरेषेवर नक्षीचा बोर्ड. काही गाड्यांना वर रस्त्यावर चालवून शिकवावं लागतं, त्यासाठी ठळक रेघांचा रस्ता लागतो. बाहेरून स्वस्तात काच बसवली आणि हे टाळलं तर? कॅमेरा एक अंश जरी फिरला तरी शंभर मीटरवर चूक पावणेदोन मीटरची. लेन साडेतीन मीटरची असते. म्हणजे शेजारच्या लेनमधला ट्रक गाडीला स्वतःपुढे दिसणार.

रडार पुढच्या बंपरच्या किंवा लोगोच्या मागे. बंपर ठोकला, पुट्टी भरली, वरून जाड मेटॅलिक रंग मारला की किरण अडतात. जास्तीची क्रोम जाळी, पुढचा गार्ड, तेच. दसऱ्याला लोगोवरून ओल्या झेंडूचा हार सोडतात, त्याने रडार आंधळं होतं आणि पूजा संपवून निघालेला माणूस क्रूझ (वेग आणि पुढचं अंतर आपोआप राखणारी सोय) लागत नाही म्हणून शोरूमला फोन करतो. फास्टॅग चिकटवतानाही कॅमेऱ्याची खिडकी सोडा.

नेहरू पार्कवाली

दादा, हे सगळं काच-बंपरचं नीट ठेवलं तरी आपल्या रस्त्यावर लेव्हल टू किती वेळ चालू राहतं, ते पण सांगा ना.

कॅलिब्रेशनवाला

ताई, बायपासवर चांगलं चालतं, शहरात लोक बंदच करतात. क्रूझ पुढच्या गाडीपासून अंतर सेकंदांत मोजते. सगळ्यात कमी ठेवलं तरी एक सेकंदाच्या आसपास. चाळीसच्या वेगाला एक सेकंद म्हणजे ११ मीटर. विजयनगरला ११ मीटर मोकळे सोडून बघा, त्यात दोन अ‍ॅक्टिव्हा आणि एक ई-रिक्षा शिरते. प्रत्येक जण शिरला की गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न मारतो, अंतर पुन्हा वाढतं, पुन्हा कुणी शिरतं. लेनची रेघ तर पहिल्या पावसानंतर अर्धी उरते, आणि काही ठिकाणी जुनी-नवी अशा दोन रेघा दिसतात. डांबराची पट्टी पावसात चकाकली की तिलाच रेघ समजते.

मल्हारगंजकर

यात एक भर घालतो, कारण हीच बाजू जिवावर बेतते. रडार वेगाचा फरक छान ओळखतं, पण उभ्या वस्तूत गोंधळतं. पूल, पाटी, गटाराचं झाकण, सगळेच परत किरण पाठवतात. प्रत्येकावर ब्रेक मारला तर गाडी चालायचीच नाही, म्हणून हायवेच्या वेगाला बऱ्याच यंत्रणा उभ्या प्रतिध्वनीकडे दुर्लक्ष करतात आणि कॅमेऱ्याची साक्ष मागतात. आता मानपूर घाटात रात्री पाटा तुटून उभा राहिलेला ट्रक घ्या. दिवे बंद, रिफ्लेक्टर नाही, मागे चार दगड आणि झाडाची फांदी. कॅमेऱ्याला मागची चौकट काळ्यात काळी. ज्या प्रसंगी मदत हवी, नेमका तिथेच या यंत्रणेचा हात सगळ्यात कच्चा.

पिथमपूरकर

हा तर लायडारच्या बाजूचा मुद्दा झाला! त्याचा उजेड स्वतःचा असतो, अंधाराशी देणंघेणं नाही. दोनशे डॉलरचा लायडार म्हणून तर सांगत होतो.

नेहरू पार्कवाली

मल्हारगंजकर काका, तुम्ही गाडीची तुलना परिपूर्ण गाडीशी करताय. तुलना आजच्या ड्रायव्हरशी करा. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. त्याच अंधारातल्या ट्रकवर माणूसही आदळतोच ना?

हिशेब करून बघा. वेग ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. माणसाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर तसेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण ३६. एकूण ६९. यंत्राने अर्ध्या सेकंदात ब्रेक मारला तर ४७. हे २२ मीटर आजच, लेव्हल टूच्याही खालच्या साध्या ऑटो ब्रेकने मिळतात. बिनड्रायव्हरची गाडी येवो न येवो, हा ब्रेक स्वस्त गाडीत कधी येतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मल्हारगंजकर

ते मान्य. ओल्या रस्त्यावर आणि घासलेल्या टायरवर तुमचे ३६ सहज ५० च्या पुढे जातील, पण वाचलेले २२ तरीही वाचलेलेच.

रीगलचा कोपरा

तंत्राचं सोडा. गडकरींनी २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात आयआयएमच्या कार्यक्रमात स्वच्छ सांगितलं की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातात म्हणून बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही. मंत्रीच नाही म्हणतोय तर चर्चा कशाची, भिया?

आणि पैशाच्या हिशेबानेही बसत नाही. समजा इथे ड्रायव्हर महिना पंधरा हजारांत मिळतो. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. सेन्सर, कॉम्प्युटर, दुहेरी ब्रेक मिळून गाडी आठ लाखांनी महागली तर पैसे फिटायला साडेचार वर्षं लागतात, व्याज, दुरुस्ती आणि ते कॅलिब्रेशन वेगळंच. अमेरिकेत ड्रायव्हर महाग, म्हणून तिथे गणित जमतं. शिवाय आपला ड्रायव्हर पंक्चर काढतो, सामान चढवतो आणि आजींना दवाखान्यात हात धरून नेतो.

जिल्हा कोर्टासमोर

मंत्र्यांचं विधान म्हणजे कायदा नाही, पण कायदाही आज अनुकूल नाहीच. मोटार वाहन कायदा १९८८ सगळा 'चालवणारी व्यक्ती' धरून लिहिलाय. कलम ३ प्रमाणे परवाना लागतो, आणि परवाना माणसाला मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २ ब आलं: संशोधनाला आणि नव्या प्रयोगांना चालना म्हणून केंद्र सरकार ठरावीक प्रकारच्या वाहनांना सूट देऊ शकतं. म्हणजे चाचणीचं दार किलकिलं आहे, विक्रीचं नाही.

विक्रीसाठी काय लागेल ते इतरांकडे बघून कळतं. जर्मनीने २०२१ मध्ये लेव्हल फोरचा (ठरलेल्या क्षेत्रात ड्रायव्हर लागतच नाही) कायदा केला, त्यात चालण्याचं क्षेत्र आधी मंजूर करून घ्यायचं आणि लांबून देखरेख करणारा माणूस नेमायचा. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात गाडी स्वतः चालत असताना घडलेल्या चुकीची जबाबदारी आत बसलेल्यावरून काढून मंजुरी घेणाऱ्या कंपनीकडे नेली. आपल्याकडे हा प्रश्न मोटार अपघात दाव्यात पहिल्याच दिवशी उभा राहील: विमा कंपनी विचारणार ड्रायव्हर कोण, परवाना वैध होता का. थर्ड पार्टी विम्यात भरपाईचा बोजा शेवटी कुणावर, हे बऱ्याचदा या दोन उत्तरांवर ठरतं. तिथे 'सॉफ्टवेअर' लिहायला रकाना नाही.

पिथमपूरकर

म्हणजे अडथळा कायद्याचा. कायदा बदलतो. मोबाइल पेमेंटला तरी कुठे रकाना होता?

जिल्हा कोर्टासमोर

पेमेंट चुकलं तर पैसे परत येतात.

मल्हारगंजकर

पिथमपूरकर, कायदा उद्या झाला असं धरू. मग मला एक चौराहा सोडवून दाखवा. भंवरकुवा, संध्याकाळी सात, सिग्नल बंद. २०२५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत मोठी वीज गेली तेव्हा वेमोच्या गाड्या बंद सिग्नलांवर अडकून पडल्या आणि सेवा थांबवावी लागली. इथे बंद सिग्नल ही बातमी होत नाही. इथे वाट मिळते ती हळूहळू नाक पुढे घालून. समोरचा थांबेल असा अंदाज, तो नाही थांबला तर आपण. जी गाडी चारी बाजूंनी मीटरभर जागा राखते ती रात्री दहापर्यंत तिथेच. आणि राखत नाही म्हटलं तर तिने माणसांच्या अंगावर किती जायचं, हे कोडमध्ये कोण लिहून सही करणार?

पिथमपूरकर

सही करायला कुणी नाही, हे कबूल. पण नाक घालणं शिकवता येतं. आपण स्वतः ते आकडे लावून शिकलो नाही, बघून शिकलो. मशीनही त्याच मार्गाने शिकते. माझा अंदाज सांगतो: सुपर कॉरिडॉर, जिथे २०२५ पासून मेट्रो धावते, तिथून विमानतळापर्यंत रुंद रस्ता आहे, कट कमी आहेत. मेट्रो स्टेशनवरून आसपासच्या ऑफिसांपर्यंत तीसच्या वेगाने फिरणारी आठ सीटची गाडी २०३२ च्या आसपास. एक देखरेखवाला कंट्रोल रूममध्ये, चार-पाच गाड्यांमागे एक.

मल्हारगंजकर

हे मला पटतं, आणि हेच मी पहिल्या पोस्टमध्ये म्हटलं होतं. वाद फक्त मालकीच्या गाडीचा उरतो. तिथे मी २०४० वरून हलत नाही.

रीगलचा कोपरा

आणि रंगपंचमीला? राजवाड्याच्या गेरेत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, टँकरवरच्या तोफांनी रंग उडतो, सगळे कॅमेरे लाल-हिरवे.

कॅलिब्रेशनवाला

त्या दिवशी ड्रायव्हरवालीही तिकडे नेऊ नका. सुका गुलाल कॅमेऱ्यापुढच्या काचेवर बसला तर वायपर चालवू नका, चरे पडतात. आधी नुसतं पाणी ओता, मग मऊ कापड. रडारपुढचा बंपर त्याच दिवशी धुवा.