मदत हवी आहे: तलावातले रोहू वाढतच नाहीयेत

शिळफाट्याचा_गडी:
मंडळी अर्जंट आहे. गेल्या पावसाळ्यात गावच्या तलावात रोहू कटला सोडले, पोरांनी वर्गणी काढून तलाव घेतलाय, परवा जाळं टाकलं तर रोहू नुसते पंजाएवढे. बीजवाला बोल्ला होता वर्षात किलोचे होतील. खाद्य रोज टाकतोय. फसवलं का त्याने? रविवारी मीटिंग आहे, सगळे माझ्या नावाने शंख करणार.

मुरबाडकर:
तलाव केवढा, खोली किती, नग किती सोडले, बारीक बीज होतं की बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं?

शिळफाट्याचा_गडी:
तलाव गावात असतो तेवढा. मुद्दा वाढीचा आहे.

मुरबाडकर:
गावात असतो तेवढा म्हणजे ठाण्याच्या तलावपाळीएवढा की आमच्या दारातल्या हौदाएवढा? सांगायचं नसेल तर राहू दे बाबा.

घोडबंदर_फ्लॉकवाला:
तलाव विसरा. बायोफ्लॉकची टाकी टाका, सतत हवा सोडायची आणि पाण्यातले जीवाणूच माशांच्या घाणीचं खाद्य करतात. माझ्याकडे सेटअप बघायला या.

मुरबाडकर:
लाइट गेली की टाकीतले मासे तासाभरात उलटे तरंगतात, तेही दाखवा त्यांना.

शिळफाट्याचा_गडी:
एकरभर असेल, उन्हाळ्यात छातीएवढं पाणी. बीज वीस हजार, नखाएवढं. खाद्य म्हणजे कोंडा आणि भंडाऱ्याचा उरलेला भात.

मुरबाडकर:
एकराला दोन ते चार हजार बोटुकली खूप झाली. नखाएवढं बीज बरंचसं मरतं हे मान्य, पण जगलं तेवढं खाणार काय? नुसत्या कोंड्यात प्रोटीन कुठंय, शेंगदाण्याची पेंड निम्मी घाला. आणि भात बंद करा, तळाला कुजतो, मग पहाटे मासे वर तोंड काढून श्वास घेतात.

जुना_ठाणेकर:
मासा तळ्याच्या मापानेच वाढतो, आजोबा सांगायचे.

मुरबाडकर:
माप कोण सांगतं माशाला? गर्दी झाली की खाणं आणि ऑक्सिजन वाटून जातो, वाढ तिथेच अडते.

नेरूळची_काकू:
आमच्या फिशटँकमधला गोल्डफिश खूप फुगलाय, पाणी रोज बदलावं का?

मुरबाडकर:
काकू, वेगळा धागा काढा ना. गडी, जाळ्यात अजून काय आलं ते सांग.

शिळफाट्याचा_गडी:
चिलापी, म्हणजे तिलापिया. घमेलंभर. ती आम्ही सोडलीच नव्हती.

मुरबाडकर:
अरे हे आधी सांगायचं ना!! चिलापी दोन-तीन महिन्यांची झाली की पिल्लं काढते, मग काढतच राहते. पिल्लं मादीच्या तोंडात वाढतात म्हणून वाचतातही जास्त. तुझा कोंडा तीच खातेय.

दिवाळे_बंदर:
मोहाची पेंड टाका, सगळा कचरा मासा मरतो.

मुरबाडकर:
कचरा आणि रोहू यातला फरक पेंडीला कळतो का? ती तलाव रिकामा करताना टाकतात, हेक्टरी अडीच टन, मग दोन-तीन आठवडे बीज सोडायचं नाही.

शिळफाट्याचा_गडी:
त्यात गुरं पाणी पितात. पेंड नको.

दिवाळे_बंदर:
मग मरळ सोडा थोडे. बारीक चिलापी साफ करतात, आणि बाजारात मरळीला भाव बघा.

मुरबाडकर:
मरळ पुढच्या साली, रोहू मोठे झाल्यावर. तुर्तास दर आठवड्याला जाळं ओढा, चिलापी काढून विका. आणि माशाची लांबी नका बघू, वजन करा. लांबी दुप्पट झाली की वजन आठपटीच्या आसपास जातं, त्यामुळे पंजाएवढा मासा बघून कळत काही नाही.

जुना_ठाणेकर:
चिलापीचं कालवण चिंच घालून झकास होतं. ताजी कुठे मिळेल वागळे साइडला?

शिळफाट्याचा_गडी:
आता वजन केलं. रोहू 80 ग्रॅमच्या आसपास. कटले दोनच सापडले, त्यातला एक 700 ग्रॅम.

मुरबाडकर:
कटला 700? म्हणजे पाणी एवढं वाईट नाही. कटला वरच्या थरातला, तिथे गर्दी कमी होती म्हणून वाढला. पण दोनच कसे? आपल्याकडे साधारण दहात चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ घालतात. तुझ्या बीजात कटला किती होता?

शिळफाट्याचा_गडी:
पावतीवर नुसतं मिक्स बीज लिहिलंय. फोन लावतो त्याला.

नेरूळची_काकू:
नवीन धागा कसा काढायचा?