जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर (कर्नाटक, जि. बेळगाव) मुलांना घेऊन कचरा वेचायचाय, काय काय लागेल?

रानवाट: नववी ते बारावीची तीसेक पोरं आहेत. रस्त्याकडेचा कचरा एका रविवारी उचलायचा बेत आहे. भीमगड अभयारण्याचं जंगल लागूनच आहे, म्हणून विचारतोय. महिना कुठला, परवानगी कुणाची, सामान किती?

मलप्रभाकाठ: पाऊस सरला की दिवाळीच्या आसपास करा. डिसेंबर ते मे पोरांना झाडीत घालू नका. गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचा हंगाम तो, आणि शेजारच्या सत्तरी-दोडामार्गात रुग्ण सापडलेत. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा. अर्ज त्या रेंजच्या आरएफओंना, म्हणजे वनक्षेत्रपालांना, कन्नडमध्ये. सोबत नकाशा, वेळ, मुलांची संख्या. अभयारण्याच्या हद्दीत शिरू नका. सकाळी 8 ते 10 पुरे, पहाटे-संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात.

चापडा: पाच-पाच जणांचे सहा गट, प्रत्येकात एक मोठं माणूस. दोघांकडे लांब चिमटे, एकाकडे पोतं, एकाकडे काचेसाठी बादली, पाचव्याचं लक्ष गाड्यांवर. म्हणजे 12 चिमटे, 6 बादल्या, तांदळाची 25 किलोची रिकामी पोती 25, रबरी लेपाचे हातमोजे 35 जोड. काळ्या पातळ पिशव्या आणू नका, काचेनं लगेच फाटतात. बूट सक्तीचे. पाल्यात हात नाही, आधी चिमट्यानं हलवायचं. खाली फुरसं असू शकतं.

आता बाटल्यांचं. उतारावर तोंड वर करून पडलेल्या बाटलीत उरलेल्या घोटाच्या वासानं किडे जातात, त्यांच्यामागं चिचुंद्री. आतली काच ओली, नख लागत नाही, वर येता येत नाही. मेलेल्याच्या वासानं पुढची येते. म्हणून प्रत्येक बाटली उजेडात धरून बघा, आडवी करून हळू रिकामी करा, मगच बादलीत. बेडूक, खेकडा निघाला तर तिथंच ओलसर पाल्यात सोडा. एका गटाला अर्धा किलोमीटर दिला तरी खूप झालं. पोती मोजायची स्पर्धा लावली की पोरं बाटल्या न बघता कोंबतात, ते टाळा बघा.

रानवाट: पोती तिथंच रस्त्याकडेला ठेवली, पंचायतीची गाडी दुसऱ्या दिवशी आली, तर चालेल?

मलप्रभाकाठ: नाही चालणार. रात्रीत कुत्री नाहीतर रानडुकरं फाडतात, सकाळी तोच कचरा दुप्पट पसरलेला. ग्रामपंचायतीच्या स्वच्छ वाहिनीची, म्हणजे कचरागाडीची, वेळ आधी पक्की करा, मग तारीख ठरवा. रविवारी गाडी नसेल तर शनिवार धरा, नाहीतर टेंपो सांगा. बिअरची मोठी बाटली रिकामी असूनही अर्ध्या किलोच्या आसपास भरते. पोत्यात वीस बाटल्यांच्या वर नको, उचलणारं पोर घसरतं. फुटकी काच पत्र्याच्या डब्यात वेगळी. भंगारवाला चिप्सची पाकिटं घेत नाही, ती सुक्या कचऱ्यात. आणि जाळायची तर नाहीतच. कुणी काडीपेटी आणली असेल तर सुरू व्हायच्या आधीच काढून घ्या.