१७८९ च्या स्वातंत्र्यात कामगार होता का?

चिंचपोकळीकर: शाळेत फ्रेंच राज्यक्रांती म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता एवढं पाठ केलं की झालं. पण ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं शेवटचं, १७ वं कलम बघा, मालमत्तेचा हक्क पवित्र आहे असं सरळ म्हटलंय त्यात. आणि दोन वर्षं होतात न होतात तोच जून १७९१ मधे ल शापलिए कायदा आला, मजुरी वाढवून घ्यायला कामगारांनी एकत्र यायचं नाही, का तर मालक आणि मजूर दोघं स्वतंत्र, ज्याचं त्यानं ठरवावं. घरात दाणा नसलेला माणूस काय ठरवणार हो? माझ्या मते ही मालकांची क्रांती होती, पुढे यंत्रं आली तेव्हा हेच कायदे कारखानदारांना आयते मिळाले.

वाचनवेडा: नाही पटलं. क्रांतीवर खापर फोडताय पण ब्रिटनमधे कुठे राजाला उतरवलं होतं तेव्हा? तिथेही १७९९ आणि १८०० मधे कामगार संघटनांवर बंदी आलीच, आणि १८१२ मधे तर विणकामाची यंत्रं फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. भांडवल सगळीकडे असंच वागलं. शिवाय १७९१ च्या कायद्याचा रोख जुन्या कारागीर संघांवर होता, त्यांची मक्तेदारी मोडणं गरजेचंच होतं.

चिंचपोकळीकर: ते संघ त्याआधीच मार्चमधे बरखास्त झाले होते. जूनचा कायदा आला तो पॅरिसचे सुतार मजुरीसाठी एकत्र आले म्हणून. पुढे १८३१ मधे फ्रान्समधल्याच लियॉं शहरातल्या रेशीम विणकरांनी किमान दर ठरवून घेतले, प्रीफेक्टनेही, म्हणजे तिथल्या सरकारी प्रशासकानेही, मान्य केले, तर काही व्यापाऱ्यांनी पाळायला नकार दिला आणि सरकार म्हणालं असे दर बांधताच येत नाहीत. रस्त्यावर रक्त सांडलं त्या नोव्हेंबरात.

अनघा_सातारा: दोघांचंही थोडं राहून जातंय. शब्द एकदा सुटले की ते लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत. सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ मधेच उठाव केला आणि १८०४ मधे तीच वसाहत हैती म्हणून स्वतंत्र झाली, जाहीरनामा लिहिणाऱ्या कितीजणांच्या मनात हे होतं? आणि आपल्याकडे बघा. थॉमस पेन या इंग्रज लेखकाने माणसाच्या हक्कांवर लिहिलं ते या क्रांतीच्या बाजूने, ते जोतीराव फुल्यांनी वाचलं, त्यांच्या सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे १८८४ मधे मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणतात, मागण्या काय तर रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. १७८९ नसतं तर ही भाषा आली असती कुठून?

चिंचपोकळीकर: लोखंड्यांबद्दल शंभर टक्के मान्य, माझे आजोबा गिरणीतलेच. पण ताई, फ्रान्समधे कामगार संघटना कायदेशीर झाल्या त्याही १८८४ मधेच. म्हणजे ज्या देशाने ही भाषा दिली त्यानेच आपल्या मजुराला ९३ वर्षं ताटकळत ठेवलं.

अनघा_सातारा: ठेवलं, हो. पण त्या ९३ वर्षांत तो मजूर गप्प बसला नाही, तुम्हीच लियॉं सांगितलंत ना. मालकाशी भांडताना १७८९ चेच शब्द त्याच्या तोंडी होते, म्हणून मला ती क्रांती नुसती मालकांची म्हणवत नाही.